बंदूक कशासाठी हवी असते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात पिकांच्या राखणीविषयी लिहिताना परवान्याच्या बंदुकीचा मी एका वाक्यात उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या लेखावर आली नाहीत. साताऱ्यात वकिली करताना शस्त्र परवान्याची कामे माझ्याकडे सुरुवातीपासून येत आली आहेत, त्यामुळे हा विषय लोकांच्या किती जिव्हाळ्याचा आहे याची मला कल्पना होती. तरीही पत्रांतील कळकळ पाहून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अमेरिकेत बंदूक बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे आणि एवढे गोळीबार होऊनही तेथील लोक तो सोडायला तयार नाहीत. आपल्याकडे असा हक्क नाही आणि त्याची खंतही कोणाला वाटताना दिसत नाही. हा हक्क माणसांना इतका मोलाचा का वाटतो?
(विधी शाखेचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : बंदूक घरात असावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्या मनात मला आजवर दोन गोष्टी आढळल्या आहेत. संकट आले तर मदत वेळेवर पोहोचणार नाही, ही एक भीती. आणि ज्याच्या हातातून शस्त्र काढून घेतले जाते त्याला बरोबरीचा माणूस मानले जात नाही, ही एक जाण. भीती अमेरिकेतील एकाकी शेतघरांत जशी आहे, तशीच पाटण आणि जावळीच्या वाड्यावस्त्यांवरही आहे. जाण मात्र इतिहासातून येते, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू.

१९ एप्रिल १७७५ रोजी बोस्टनहून निघालेली ब्रिटिश पलटण कॉन्कर्ड गावी वसाहतीतील लोकांनी साठवलेली शस्त्रे आणि दारूगोळा जप्त करायला चालली होती. वाटेत लेक्झिंग्टन येथे चकमक झाली आणि तेथून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. ज्या राष्ट्राच्या जन्माची हकीकतच शस्त्रे जप्त करायला आलेल्या सरकारापासून सुरू होते, त्याच्या मनात ही गोष्ट किती खोल रुजली असेल याचा अंदाज आपण करू शकता. पुढे १७९१ मध्ये दुसरी घटनादुरुस्ती झाली आणि लोकांच्या शस्त्रे बाळगण्याच्या हक्कावर अतिक्रमण होणार नाही, असे राज्यघटनेतच लिहिले गेले. त्याच वाक्यात सुनियंत्रित नागरी सेनेचाही उल्लेख आहे, आणि हा हक्क त्या सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर पुढे दोन शतके वाद चालला. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने जे कायदे केले, त्यांत गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी होती. गोऱ्यांवर तशी अट नव्हती. कागदावर स्वतंत्र झालेल्या माणसाला आपली खरी जागा कोठे आहे, हे त्या एका कलमाने पुरेसे स्पष्टपणे सांगितले.

तो जुना वाद २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. डिक हेलर हे वॉशिंग्टन शहरातील सुरक्षारक्षक होते. नोकरीवर असताना सरकारी इमारतीच्या रक्षणासाठी त्यांच्या कमरेला पिस्तूल असे, पण घरी परतल्यावर स्वतःच्या रक्षणासाठी पिस्तूल ठेवायला शहराच्या नियमांनी मनाई होती. पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने हेलर यांच्या बाजूने निकाल दिला आणि घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगितले; मात्र त्याच निकालात हा हक्क अमर्याद नसल्याचेही नोंदवले. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याची एक अट रद्द झाली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल जवळ बाळगायचे असेल तर त्यासाठी विशेष कारण दाखवा, अशी ती अट होती. आपण विधी शाखेचे विद्यार्थी आहात म्हणून आवर्जून सांगतो, की आपल्या कायद्यात रिव्हॉल्व्हर, पिस्तूल किंवा मोठ्या रायफलीसाठी सबळ कारण दाखवण्याची अशीच अट आहे आणि ती आपल्याकडे कोणाला जाचक वाटली तरी घटनाबाह्य वाटत नाही. हक्क आणि परवानगी यांतील अंतर येथे दिसते. हक्क असेल तर का द्यायचे नाही, हे सरकारने सांगायचे. परवानगी असेल तर का हवे, हे आपण सांगायचे.

आता आपल्याकडची गोष्ट. खंत कोणाला वाटत नाही, हे आपले विधान मला मान्य नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये दोन कायदे झाले, एक देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगू न देणारा. या दुसऱ्या कायद्यातून युरोपियनांना सूट होती. वृत्तपत्रांचा कायदा पुढे लॉर्ड रिपनने रद्द केला, शस्त्रांचा मात्र राहिला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना जे पत्रक काढले, त्यात संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला ब्रिटिश राजवटीच्या कृत्यांतील सर्वांत काळे कृत्य म्हटले होते. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्कही होता.

आपल्या सातारा आणि सांगलीला तर हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. तेव्हा सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने आणि जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवली, ती कुंडल आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या मुलांच्या बळावर. राज्यकर्त्यांनी त्यांच्या बापजाद्यांच्या हातून शस्त्र केव्हाच काढून घेतले होते.

इतके असूनही स्वतंत्र भारताच्या घटनेत हा हक्क आला नाही. डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला घटना समितीत ह. वि. कामत यांनी कराची ठरावाचा दाखला देत तशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की नव्या परिस्थितीत शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रावर संकट आल्यास शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा. आणि प्रत्येकजण बाजारात जाऊन कोणत्याही अटकावाशिवाय हल्ल्याची साधने विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा? अखेर घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य मिळाले, तेही शांततेने आणि विनाशस्त्र. शीख बांधवांचे कृपाण २५ व्या अनुच्छेदात धर्माचा भाग म्हणून मान्य झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की अमेरिकेसारखा हा हक्क आपल्या घटनाकारांनी कोणालाही दिलेला नाही.

मला स्वतःला डॉ. आंबेडकरांचे म्हणणे पटते. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीमुळे ४८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. चोराच्या भीतीने घरात आणलेली वस्तू घरातल्याच माणसाच्या वाईट रात्री त्याच्या हाताशी असते, हा त्या आकड्याचा अर्थ आहे. तरीही ज्याला ती हवी वाटते त्याला मी वेडा म्हणणार नाही, कारण मी अशाच घरात वाढलो. माझ्या आजोबांची एकनळी बाराबोर बंदूक होती. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ते ती पेटीतून काढीत, मोडून नळी खिडकीच्या उजेडाकडे धरीत, गजाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून ती आतून फिरवीत आणि चिंधी काळी यायची थांबेपर्यंत उठत नसत. दुसऱ्या दिवशी कोयता, विळा, खुरपे यांच्या शेजारी तिलाही हळदकुंकू लागे. काडतुसांचा डबा मात्र त्या खोलीत कधीच नसे. तो माजघरात असे आणि त्याची किल्ली आजीच्या कनवटीला. ‘बंदूक माझी, काडतूस तुझं,’ असे ते तिला म्हणत, आणि वस्तीवर दरोड्याची आवई उठली त्या रात्रीसुद्धा त्यांनी आधी आजीला उठवून किल्ली मागितली होती. बार काढायची वेळ आली नाही. पण त्या रात्री घरातली बायकामाणसे झोपू शकली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

प्रश्न : कोयनेच्या खोऱ्यात डोंगराच्या कडेला माझी तीन एकर जमीन आहे. भुईमूग आणि मका रानडुकरे ठेवत नाहीत, भात गवे तुडवतात. रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवतो. ठासणीच्या बंदुकीसाठी अर्ज करून दीड वर्ष झाले. ‘तीन एकराला बंदूक कशाला पाहिजे?’ असे मला तोंडी सांगण्यात आले, लेखी काहीच मिळाले नाही. गरिबाला परवाना मिळत नाही असा कायदा आहे काय?
(एक शेतकरी, पाटण तालुका)

उत्तर : असा कायदा नाही, उलट, कायदा आपल्या बाजूने आहे. हे मी आपल्याला धीर देण्यासाठी लिहीत नाही, १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच तसे आहे. त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कलम १३ त्याच्याही पुढे जाते. नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, अथवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना ‘दिला जाईल’ अशी तेथे शब्दयोजना आहे. अर्जदार अयोग्य असेल किंवा सार्वजनिक शांततेला धोका असेल, तर नकार देता येतोच. पण त्या नकाराची कारणे नोंदवावी लागतात आणि आपण मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर, ती थोडक्यात लेखी द्यावी लागतात. बंदूक बाळगणे हा आपल्या देशात मूलभूत हक्क नसला, तरी नकाराचे कारण कळणे ही आपली कायदेशीर मागणी आहे, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने या सगळ्या कायद्यात तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. तोंडी बोललेल्या वाक्यावर अपील करता येत नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता काय करावे ते सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो आल्यापासून ६० दिवसांत परवाना प्राधिकाऱ्याने निर्णय करायचा असतो. आपल्या अर्जाची पोच शोधून ठेवा. ती जोडून ‘माझ्या अर्जावर निर्णय करावा आणि नकार असल्यास कारणांसह लेखी कळवावे’ एवढे दोन ओळींचे पत्र आवक शिक्का घेऊन द्या. पोलीस अहवाल केव्हा आला आणि फाइल सध्या कोणाच्या टेबलावर आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. लेखी नकार आला तर ३० दिवसांच्या आत अपील करा. काहीच आले नाही, तर ठरावीक मुदतीत निर्णय करण्याचा आदेश मिळावा म्हणून उच्च न्यायालयात जाता येते. तो मार्ग खर्चिक आहे, म्हणून आधीची पत्रे नीट जपा. अर्जासोबत सातबारा आणि यापूर्वीच्या पीकनुकसानीचे पंचनामे जोडले नसतील तर आता जोडा. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते, ते राहून गेलेले अनेक अर्ज मी पाहिले आहेत.

परंतु परवाना हातात आला म्हणजे डुकरावर बार काढता येतो, असे मात्र समजू नका. येथे दोन वेगवेगळे कागद लागतात. बंदूक बाळगण्याचा परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा, आणि जनावर मारण्याची परवानगी वन विभागाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे रानडुकराने पिकाचे नुकसान केल्यास वन विभागाचा अधिकृत अधिकारी शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती मिळण्यापूर्वी मारलेले डुकर हा गुन्हाच ठरतो. गवा आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकासाठी गव्याला मारणे सर्वस्वी निषिद्ध आहे, तेथे नुकसानभरपाईचा अर्ज आणि पंचनामा हाच मार्ग राहतो. बिबट्या अंगावर आल्यावर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला प्रतिकार त्याच अधिनियमाने गुन्हा मानलेला नाही. उसाच्या सरीत दबा धरून बसलेल्या बिबट्याला बंदूक घेऊन शोधायला निघणे, हे मात्र त्या प्रतिकारात बसत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. परवाना मिळत नाही म्हणून काहीजण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. त्या तारेला डुकर आणि माणूस यांतील फरक कळत नाही. पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेल्या शेजाऱ्याचा जीव जातो, आणि तार जोडणारा पुढे सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभा राहतो. आपण डबे वाजवत रात्री काढता आहात, तो मार्ग कष्टाचा असला तरी निर्दोष आहे.

आपल्यासारख्या अर्जदारांशी बोलताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. त्यांतल्या अनेकांना खरोखर बार काढायचाच नसतो. डोंगराकडून अंधारात काहीतरी चालत येते आहे आणि आपण माळ्यावर एकटे आहोत, या अवस्थेत हाताखाली काहीतरी असावे एवढीच त्यांची मागणी असते. ही मागणी क्षुल्लक मानणाऱ्या माणसाने ऑक्टोबरातली एक रात्र त्या माळ्यावर काढावी.

प्रश्न : मी सतरा वर्षे पायदळात काढली. निवृत्तीनंतर स्वतःच्या परवान्याची बाराबोर घेऊन सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. प्रत्येक निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. देशाने ज्याच्या हातात रायफल दिली त्याच्यावर निवडणुकीत विश्वास का नसावा? बंदूक जमा झाली की नोकरीही थांबते.
(एक माजी सैनिक, सातारा तालुका)

उत्तर : हवालदार साहेब, आपल्या पत्रातील दुःख मी समजू शकतो. ज्या तालुक्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे, तेथे बंदूक ही कित्येक घरांची दोन पिढ्यांची भाकर आहे: आधी पलटणीत आणि नंतर बँकेच्या दारात. वर मी ज्या हेलर यांची हकीकत लिहिली, त्यांची तक्रार आपल्यासारखीच होती. कामावर विश्वास आणि घरी संशय, हे कोणत्याही स्वाभिमानी माणसाला झोंबणारच.

तरी त्या नोटिशीकडे अपमान म्हणून पाहू नये असे मला वाटते. निवडणुकीच्या काळात गावागावांत जे वातावरण असते ते आपण जाणताच. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे जिल्ह्यात एक छाननी समिती असते, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले किंवा पूर्वी दंगलीत सापडलेले परवानाधारक कोण, हे तिने प्रकरणवार तपासायचे असते. सरसकट सर्वांना नोटीस निघाली, तर आपण नोकरीचे पत्र जोडून समितीकडे सूट मागा, आणि तोंडी विनंतीवर न थांबता पोच घ्या. जमा करावीच लागली तर पावतीवर बंदुकीचा क्रमांक स्वतः वाचून पाहा, आणि निकालानंतर आठवडा उलटला की परत मागा. याशिवाय परवान्यावर कोणता उद्देश आणि कोणते क्षेत्र लिहिले आहे, हे आजच उघडून पाहा. क्षेत्र फक्त सातारा जिल्हा असेल आणि नोकरी पुण्यात असेल, तर निवडणूक नसतानाही आपण अडचणीत याल.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी १० मीटर एअर रायफलचा सराव करू इच्छिते. रायफल घेण्यासाठी परवाना लागेल काय?
(एक पालक, मिरज)

उत्तर : .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि १० मीटर प्रकारातील रायफल या मर्यादेत बसते. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा आणि सराव क्लबच्या रेंजवरच होऊ द्या. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे दिले. मुलीला मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : माझे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची दुनळी बंदूक धान्याच्या कणगीमागे सतरंजीत गुंडाळून तशीच ठेवली आहे. परवान्याचे पुस्तक आहे, पण मुदत संपली की नाही ते मला वाचून कळत नाही. ती पाहिली की भीती वाटते, आणि त्यांची आठवण म्हणून टाकवतही नाही. मोठा मुलगा पुण्याला असतो. धाकटा घरी आहे, कर्जामुळे हल्ली तो कोणाशी फारसा बोलत नाही. मी काय करावे?
(एक भगिनी, शिराळा तालुका)

उत्तर : ताई, आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळी आधी मनात ठेवून हे उत्तर लिहितो. ती बंदूक आज त्या घरात राहू नये. हा अंक आपल्या हाती पडेल त्याच दिवशी ती बाहेर जावी.

आपण स्वतः तिला हात लावू नका आणि धाकट्या मुलालाही लावू देऊ नका. नळीत काडतूस राहिले आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. गावच्या पोलीस पाटलांना बोलवा, किंवा ठाण्यात फोन करून कोणालातरी पाठवण्याची विनंती करा. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने विनाकारण विलंब न लावता शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. पावसाळ्यापासून ती घरात राहिली म्हणून आपल्याला कोणी अटक करील, या भीतीने मात्र थांबू नका. विनापरवाना शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे हे खरे, पण यजमानांचा मृत्यूचा दाखला घेऊन स्वतःहून जमा करायला आलेली बाई आणि गावठी कट्टा लपवणारा माणूस यांतील फरक ठाणेदाराला कळतो. परवान्याचे पुस्तक सोबत द्या. ते ऐन वेळी सापडले नाही, तरीसुद्धा बंदूक जाऊ द्या.

जमा केली म्हणजे ती गेली, असे नाही. आठवण जपायची असेल तर मोठ्या मुलाला वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याचे वय २१ पूर्ण असले पाहिजे आणि इतर वारसांची संमती लागेल. तो नको म्हणाला तर ती विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला रीतसर विकता येते. ठरावीक मुदतीत काहीच केले नाही तर ती सरकारजमा होते, म्हणून येत्या महिन्यात दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून निर्णय घ्या. त्या निमित्ताने धाकट्याशीही बोलणे होईल. कर्ज किती आणि कोणाचे आहे, हे मला स्वतंत्र पत्राने कळवा. सहकारी सोसायटीचे असेल तर मार्ग निघतो, सावकाराचे असेल तर त्यालाही कायदा आहे, आणि या कामाची फी मी घेणार नाही. त्याला रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तो निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

पोलीस बंदूक न्यायला आले की पावती तेथल्या तेथे लिहून घ्या. तीत दुनळीचा क्रमांक असावा आणि काडतुसे किती दिली तेही असावे. काडतुसे बहुधा बंदुकीजवळ नसतात. यजमानांची ट्रंक, कपाटाचा वरचा कप्पा आणि देवघराची फळी आधी पाहून घ्या, म्हणजे एकही मागे राहणार नाही.